दूध पुरतंय की नाही? (बाळ १५ दिवसांचं, मु. देवगड तालुका)

माडाची सावली | २ ऑगस्ट, रात्री २.४०

नमस्कार. गेली तीन वर्षं इथे नुसती वाचते, लिहितेय पहिल्यांदाच. बाळ मांडीवर आहे आणि एका अंगठ्याने टाइप करतेय, चुका पोटात घाला.

पहिलटकरीण आहे, माहेरी आलेय. सिझर झालं. मुलगा, जन्माचं वजन २.८५ किलो. पहिले दोन दिवस मला दूधच आलं नाही, म्हणून तिथल्या सिस्टरांनी बाटलीने पावडरचं दूध दिलं. चौथ्या दिवशी घरी सोडताना वजन २.६१. काल आशाताई झोळीचा काटा घेऊन आल्या होत्या, २.७० भरलं. त्या म्हणाल्या, "थोडं कमी आहे, पाजत राहा."

पाजत राहू म्हणजे किती? दिवसभर पाजतेच आहे. पाच मिनिटं ओढतो आणि झोपतो. खाली ठेवला की परत रडतो. संध्याकाळी सहा ते दहा तर सोडतच नाही. काकू म्हणते, पोटाला मिळत नाही म्हणून रडतो. परवा नणंदेने दिलेला पंप लावून बघितला, दोन्ही बाजूंचं मिळून जेमतेम २० मिली. ते बघून जे रडू फुटलं ते थांबेना. सध्या रात्री तीन वेळा बाटली देतो. बाटली घेतली की तीन-तीन तास शांत झोपतो, म्हणजे काकूचंच खरं ना?

खाण्यात कमी नाही. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शतावरी कल्प, मेथी, खसखस, लसणीची चटणी, नाचणीची भाकरी, सगळं चालू आहे. पाणी मात्र मोजून मिळतं, पोट सुटेल म्हणून.

परवा अंगणवाडीत स्तनपान सप्ताहाचा फलक लागला, 'आईचं दूध म्हणजे अमृत'. दारातूनच दिसतो. नवरा मुंबईला, गणपतीला येईल. सासूबाईंचा रोज फोन येतो, पहिला प्रश्न: "दूध येतंय ना गं?"

कुणाचं असं झालं होतं का?

---

आवाट | २ ऑगस्ट, सकाळी ६.१५

गो बाय, रडा नको. माझ्या सुनेचापण असाच झालेला. शेजारीण येवन बसली नि म्हणाक लागली, 'हिका दूधच नाय'. तिका कसा कळला? दुधाक काय झाकण आसा उघडून बघूक? तू आधी तांब्याभर पाणी पी.

---

स्पष्टवक्ता | २ ऑगस्ट, सकाळी ८.०५

एवढं काय त्यात? बाळ बाटलीने शांत झोपतं ना, मग द्या बाटली. हल्ली प्रत्येक गोष्टीचा बाऊ. आमच्या पिढीत निम्मी मुलं डब्याच्या दुधावर वाढली.

---

पेजभात | २ ऑगस्ट, सकाळी ८.३०

स्पष्टवक्ता, आपण स्वतः किती मुलं पाजलीत?

सावली, संध्याकाळी सहा ते दहाचं माझ्या दोन्ही लेकींचं असंच होतं. वेंगुर्ल्यात आमच्याकडे त्याला 'किरकिरीची वेळ' म्हणायचे. सारखं-सारखं थोडं-थोडं पितात त्या वेळी. ते बहुतेक बाळांचं होतं, एकट्या त्याच्यावरून दूध कमी आहे असं ठरत नाही. आणि पंपाचं मनावर घेऊ नकोस. मला पंपाने कधी ४० मिलीच्या वर आलं नाही, मुली मात्र गुटगुटीत होत्या. पंप म्हणजे प्लॅस्टिक, त्याला बघून पान्हा फुटत नाही.

---

पांढरी साडी | २ ऑगस्ट, सकाळी ११.२०

मी निवृत्त स्टाफ नर्स आहे, नोकरीतली बरीच वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात गेली. पेजभात म्हणतात ते बरोबर आहे, पण सावली, तुझ्या बाबतीत "सगळं ठीक आहे, काळजी करू नको" म्हणून मी विषय संपवणार नाही. त्याचं कारण आकड्यात आहे.

जन्मल्यावर बाळाचं वजन उतरतंच, सात ते दहा टक्क्यांपर्यंत. तुझं २.८५ वरून २.६१ म्हणजे साधारण साडेआठ टक्के. ते चालण्यासारखं. पण दहाव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत जन्माचं वजन परत भरायला हवं आणि नंतर रोज २५-३० ग्रॅम वाढ हवी. तुझं दहा दिवसांत ९० ग्रॅम वाढलंय, म्हणजे रोजचे ९. दवाखान्याचा काटा आणि झोळीचा काटा यांत फरक पडतो हे धरूनसुद्धा ही वाढ कमीच. तेव्हा उद्याच्या उद्या बालरोगतज्ज्ञांना दाखव.

आता काकूच्या म्हणण्याचं. रडणं, स्तन मऊ लागणं, पंपात कमी येणं, बाटलीनंतर गाढ झोपणं, यातल्या कशावरूनही दूध किती आहे ते कळत नाही. बाटलीतून दूध आपोआप गळतं, बाळ चोखायच्या सवयीने ते संपवतं आणि जड पोटाने झोपतं. अंगावर किती मिळतंय ते दोनच गोष्टी सांगतात, वजन आणि लंगोट. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत निदान सहा वेळा भरपूर शू, रंग फिका, आणि तीन-चार वेळा पिवळी सैलसर शी. डायपर वापरत असशील तर त्यात कळत नाही. एका कोऱ्या डायपरमध्ये तीन मोठे चमचे पाणी ओतून हातात तोलून बघ, भरलेला डायपर तेवढा जड हवा. त्यापेक्षा चार दिवस साधे लंगोट बांध आणि मोज.

माझ्या प्रश्नांची उत्तरं दे:
दूध पिताना घोट ऐकू येतात का? बाळ निपल सोडतं तेव्हा निपल गोल असतं, की लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं, चपटं? पाजताना दुखतं का? डोळे-अंग पिवळं आहे का? शू किती?

आणि पाणी तहान लागेल तेवढं पी. पोट सुटायचा त्याच्याशी संबंध नाही.

---

गरी | २ ऑगस्ट, दुपारी १.१०

पुरुष आयडी आहे, आगाऊपणा वाटला तर सोडून द्या. आमच्याकडे मालवणात बाळंतिणीला मोरी देतात. मोरीचं मटण खाल्लं की दूध उतरतं असं आजी म्हणायची. सध्या मासेमारी नुकती सुरू झालीय, दर्या खवळलेला आहे, पण बंदरावर चौकशी करून ठेवतो.

---

पेजभात | २ ऑगस्ट, दुपारी १.२५

गरी, मोरी म्हणजे शार्कच ना शेवटी. मोठ्या शार्कमध्ये पारा साठतो, पाजणाऱ्या आयांनी टाळावा म्हणतात. त्यापेक्षा बांगडा, तारली, पेडवे बरे.

---

गरी | २ ऑगस्ट, दुपारी १.४०

आजीची मोरी हातभर लांबीची असायची हो, 'जॉज' सिनेमातली नव्हे. पण मान्य. पेडवे पोचवतो.

---

माडाची सावली | २ ऑगस्ट, दुपारी ४.००

सगळ्यांचे आभार. आवाट, वाचून हसले, पहिल्यांदाच इतक्या दिवसांत.

पांढरी साडी ताई, घोट सुरुवातीला दोन-तीन मिनिटं ऐकू येतात, मग नाही. निपल सुटतं तेव्हा चपटं असतं, तुम्ही म्हणता तसंच, आणि वर चीर पडलीय. दुखतं, पहिली मिनिटभर दात आवळून बसते. सगळे म्हणाले दुखतंच. डोळे चौथ्या दिवशी पिवळे होते, आता नाहीत. डायपर चार-पाच होतात, पण पाण्याची परीक्षा करून बघितली तर त्यातले दोनच खरे जड. शी दोन वेळा.

उद्या कणकवलीला जातोय डॉक्टरांकडे. रिक्षा सांगितलीय.

---

अबोलीचा वळेसर | २ ऑगस्ट, संध्याकाळी ५.१५

एक विचारू? तुला थायरॉईड आहे का? किंवा पीसीओएस, किंवा बाळंतपणात खूप रक्त गेलं होतं का? गरोदरपणात स्तनांचा आकार वाढला होता का? हे कुणी विचारत नाही, थेट अळीव आणि शतावरी हातात देतात. मला कुणी विचारलं नव्हतं म्हणून विचारतेय.

---

माडाची सावली | २ ऑगस्ट, संध्याकाळी ५.५०

थायरॉईड आहे, लग्नाआधीपासून. गोळी होती रोजची. पण घरी आल्यापासून घेतली नाही. डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेली आहे, पण काकू म्हणाली दुधातून बाळाला जाईल, आणि मला पण तेच वाटलं.

---

पांढरी साडी | २ ऑगस्ट, संध्याकाळी ६.०५

अगं!

ती गोळी पाजताना चालते. शरीराला जे कमी पडतंय तेच ती भरून काढते. उलट ती बंद केल्याने दूध कमी होऊ शकतं, शिवाय थकवा आणि रडू वेगळंच. उद्या डॉक्टरांना हे पहिलं सांग, कागद बरोबर ने. किती मात्रा घ्यायची ते तेच सांगतील, गरोदरपणातली आणि नंतरची मात्रा एकच असते असं नाही.

---

स्पष्टवक्ता | २ ऑगस्ट, रात्री ९.३०

माझ्या सकाळच्या प्रतिसादाचा रोख चुकीचा गेला असेल. म्हणायचं एवढंच होतं की आईने स्वतःला दोष देऊ नये.

---

पेजभात | २ ऑगस्ट, रात्री ९.३५

मग तसंच लिहायचं होतं. असो. पोचलं.

---

माडाची सावली | ३ ऑगस्ट, रात्री ८.१०

जाऊन आलो. जाताना धो-धो पाऊस, रिक्षाचा पडदा दोन्ही हातांनी धरून बसले होते आणि मांडीवर हा.

वजन २.७१. डॉक्टरांनी तपासलं, जीभ वगैरे मोकळी आहे, कावीळ नाही, टाळू ठीक. थायरॉईडची तपासणी केली आणि माझी गोळी लगेच सुरू करायला सांगितली. मग तिथल्या एका बाईंनी मला त्यांच्यासमोर पाजायला लावलं. मी बाळाच्या तोंडात नुसतं निपल देत होते! त्यांनी त्याला काखेतून धरायला दिला, बॉल काखेत मारतात तसा, म्हणजे टाक्यांवर वजन येत नाही. नाक निपलच्या समोर, तो मोठ्ठा आ करेपर्यंत थांबायचं, मग चटकन जवळ घ्यायचं. हनुवटी आधी टेकली पाहिजे, खालचा ओठ बाहेर वळलेला, काळा भाग वर जास्त दिसायला हवा आणि खाली कमी. तीन वेळा काढून परत लावला. चौथ्यांदा दुखलं नाही. खरंच नाही दुखलं. आणि घोट ऐकू आले, 'क्ख, क्ख', बाजूला बसलेल्या काकूलासुद्धा.

सध्या वरचं दूध पूर्ण बंद नाही करायचं म्हणाले, वजन कमी आहे म्हणून. अंगावर दोन्ही बाजूंनी पाजून झाल्यावर दिवसातून चार वेळा ३० मिली, पण बाटलीने नाही, वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने (बाळाला पाजायची चोचीची वाटी). माळ्यावरून काकूने आमचं जुनं चांदीचं बोंडलं काढलं, चिंचेने घासून उकळून ठेवलंय. मीही त्यातूनच प्यायले होते म्हणे.

---

पांढरी साडी | ३ ऑगस्ट, रात्री ९.४५

छान झालं. आता पुढचे सात दिवस कष्टाचे आहेत, त्याबद्दल लिहिते.

विहीर उपसली की पाझर मोकळे होतात, दुधाचं तसंच. साचून राहिलं की शरीराला निरोप जातो, 'पुरे, नको'. रिकामं झालं की 'आणखी लागतंय'. रात्री तीन बाटल्या देत होतीस ना, त्या तीन वेळा तुझं दूध साचून बसत होतं. दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन रात्रीच जास्त असतं, म्हणून रात्रीचं पाजणं सोडू नकोस. २४ तासांत दहा-बारा वेळा झालं पाहिजे.

पाच मिनिटांत झोपतो त्यावर उपाय: दुपट्यातून बाहेर काढ, उघड्या अंगाने तुझ्या छातीला लाव. चोखणं मंदावलं की स्तन हाताने हलका दाबून धर, दूध तोंडात आलं की परत घोट सुरू होतात. तेही थांबलं की दुसरी बाजू. मग परत पहिली. पाजून झाल्यावर दहा मिनिटं हाताने काढायचं, पंपाची गरज नाही आणि वीज गेली तरी चालतं. गरम पाण्याच्या फडक्याने शेक, काळ्या भागाच्या कडेला अंगठा आणि बोट ठेवून आधी छातीकडे दाब, मग दोन्ही एकमेकांकडे. निपल ओढायचं नाही. निघालेलं दूध बोंडल्यात, आधी तेच द्यायचं. बाहेर चार तासांपेक्षा जास्त ठेवू नकोस, आपल्या दमट हवेत त्याहून आधीच दे.

अळीव, डिंक, शतावरी आवडत असेल तर खा. बाळंतिणीला रोज ५००-६०० कॅलरी जास्त लागतात, त्या लाडवांतून जातात. पण त्यांनी दूध वाढतं याला भक्कम पुरावा नाही, आणि बाळ नीट ओढत नसेल तर शंभर लाडू खाऊन उपयोग नाही. मेथीचं प्रमाण मर्यादेत ठेव, थायरॉईड असेल तर ती भरमसाट घेऊ नये. आणि दूध वाढवायच्या गोळ्या मेडिकलमधून स्वतःहून आणायच्या नाहीत.

बाळाला पाणी, गुटी, मधाचं बोट काहीही नको. सहा महिने फक्त दूध. मध तर वर्षापर्यंत नाही.

शू सहा-आठ तास झाली नाही, बाळ उठवूनही उठेना, टाळू आत गेली, तर वाट बघायची नाही, थेट दवाखाना. गाडी नसेल तर १०८.

---

हर्णैकर | ४ ऑगस्ट, सकाळी ७.५०

माझ्या बायकोच्या वेळी तर डिस्चार्जच्या चिठ्ठीवर पावडरच्या ब्रँडचं नाव छापील होतं, औषधासारखं. वास्तविक १९९२ चा कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला, बाळाच्या दुधाच्या पावडरीची जाहिरात आणि फुकट नमुने वाटायला बंदी आहे. गरज असताना डॉक्टरांनी देणं वेगळं. पण पहिल्या दोन दिवसांत "दूध आलं नाही" म्हणून सरसकट बाटली लावणं हे कुठलं? पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी लागतंच चमचाभर, आणि तेवढा चीक असतोच.

---

अबोलीचा वळेसर | ४ ऑगस्ट, दुपारी ३.३०

सगळं पटतंय. तरीपण एक बाजू लिहिते, कारण हा धागा उद्या दुसरी कुणी वाचेल.

वर लिहिलंय ते सगळं मी केलं. पकड नीट होती, रात्री पाजलं, हाताने काढलं, गोळ्याही घेतल्या. दूध आलं नाही, म्हणजे पुरेसं आलं नाही. पाचव्या आठवड्यात एका डॉक्टरांनी तपासून सांगितलं, दूध तयार करणाऱ्या ग्रंथीच कमी आहेत, गरोदरपणातही वाढल्या नव्हत्या. असं थोड्याच बायकांचं असतं, पण असतं. मी सात महिने दोन्ही दिलं. आधी अंगावर जे असेल ते, मग वरचं. त्या दिवसांत मला सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला असेल तर "मन लावून पाज, येईल" या वाक्याचा. लेक आता पाचवीत आहे, आत्ता अंगणात पावसात चिखल उडवतेय.

वरचं द्यावंच लागलं तर एक पाळा: डब्यावर लिहिलंय तेवढंच पाणी आणि तेवढाच सपाट चमचा. पुरवून वापरायला पाणी वाढवू नका, वजन त्यानेच घटतं. पावसाळ्यात विहिरी गढूळ होतात, तेव्हा पाणी खळाखळा उकळून घ्या आणि ७० अंशांच्या खाली जायच्या आत पावडर घाला. मग निववून द्या.

आणि सावली, रडू येणं आठवड्यावर आठवडे चालूच राहिलं, बाळाकडे बघावंसं वाटेना, तर १४४१६ वर फोन कर. टेलि-मानस, सरकारी आहे, मराठीत बोलतात.

---

पेजभात | ४ ऑगस्ट, दुपारी ३.५५

वळेसर, बरं झालं लिहिलंस.

---

माडाची सावली | ८ ऑगस्ट, रात्री ११.००

वळेसर ताई, तुमचा प्रतिसाद चार वेळा वाचला.

आज एकविसावा दिवस, आशाताई येऊन गेल्या. झोळीत २.८४. लंगोट काल आठ ओले, शी चार. डायपर बंद केल्यामुळे घरभर दोऱ्याच दोऱ्या झाल्यात, काही वाळत नाही, सगळ्या लंगोटांना शेगडीच्या धुराचा वास. लंगोट मोजायचं काम काकूने अंगावर घेतलंय. तिला लिहिता येतं, पण वही नको म्हणते. मागच्या पडवीच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढते. उभी रेघ म्हणजे शू, आडवी म्हणजे शी. रोज रात्री बेरीज करून मला सांगते, सासूबाईंना फोनवर पण तीच सांगते. "दूध येतंय ना गं" हा प्रश्न आता "आज किती रेघा?" असा झालाय.

संध्याकाळचं सहा ते दहा मात्र तसंच आहे.

---

आवाट | ९ ऑगस्ट, सकाळी ६.०५

काकूक माझो नमस्कार सांग.

---

माडाची सावली | १७ ऑगस्ट, संध्याकाळी ७.२०

१० तारखेला कणकवलीत २.९०, आज ३.११. डॉक्टरांनी स्वतःहून हात मिळवला काकूशी, का ते मला कळलं नाही. वरचं दूध आता फक्त रात्री एकदा, तेही पुढच्या आठवड्यात सोडायचं. निपलची चीर भरली. थायरॉईडचा रिपोर्ट वर गेलेला आलाच होता, सहा आठवड्यांनी परत करायचाय. पंप नणंदेला परत पाठवला. गरी दादा, पेडवे मिळाले, काकूने तिखलं केलं, माझ्या वाट्याला कमी तिखटाचं.

पांढरी साडी ताई, काकू विचारतेय, रेघा अजून किती दिवस ओढायच्या? गणपतीआधी भिंतीला चुना काढायचाय.

---

पांढरी साडी | १७ ऑगस्ट, रात्री ८.००

वजन चढतंय, आता रेघा पुरे. काढा चुना.